अर्धं लाकूड जातं कुठे?

प्रश्न: कागदासाठी क्राफ्ट पद्धतीने (लाकूड केमिकलमध्ये शिजवून) पल्प, म्हणजे लगदा, केला की लाकडाचा जेमतेम अर्धा भाग हाती लागतो आणि मशीनवर दळून केला की नव्वद टक्क्यांच्या वर, असं वाचलं. मग सगळं दळूनच का नाही करत? एवढं लाकूड वाया कशाला घालवायचं?

उत्तर: आकडे बरोबर आहेत, पण ते 'वाया' जरा खटकलं. लाकडात साधारण २० ते ३० टक्के लिग्निन असतं, तंतू एकमेकांना धरून ठेवणारा डिंकच म्हणा ना. दळताना तो आतच राहतो म्हणून वजन भरतं, पण त्याच्यामुळेच कागद उन्हात पिवळा पडतो, वर तंतू तुटतात, कागद लेचापेचा होतो आणि वीज किती खाते ते विचारूच नका. रद्दीतलं जुनं वर्तमानपत्र हातात घेऊन बघा.

क्राफ्टमध्ये हे लिग्निन, आणि त्याच्याबरोबर लाकडातला इतरही काही भाग, विरघळून काळ्या पाण्यात उतरतं. ते ब्लॅक लिकर आटवून घट्ट करतात आणि बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफ आणि वीज मिळते, शिवाय तळाशी जो क्षार वितळून जमतो त्यातून शिजवायचं केमिकल परत तयार करता येतं. म्हणजे कागदात नाही आलं तरी कामाला आलंच की.

माझं विचाराल तर खरी नासाडी होते चिप्स पाडताना, म्हणजे शिजवण्याआधी लाकडाचे छोटे तुकडे करताना, आणि तिकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. चिपची लांबी सगळे बघतात पण क्राफ्टमध्ये खेळ जाडीचा आहे, साधारण २ ते ८ मिलिमीटर. त्याहून जाड असली तर केमिकल आतपर्यंत पोचतच नाही, मधे कच्ची गाठ राहते, ती गाळून परत डायजेस्टरमध्ये (शिजवायच्या टाकीत) टाकावी लागते. आणि भुसा उलटा, जास्त शिजतो, केमिकल पितो आणि हाताला धड तंतूही देत नाही. ब्लेड बोथट झालं की भुसा वाढलाच समजा. लाकूड वाचवायचंय ना, मग आधी ब्लेडला धार लावा, चिप्स जाडीप्रमाणे चाळा, मोठ्या मशीनचं नंतर बघू.

शिजवण्यातही हाव नको. शेवटचं लिग्निन काढायच्या नादात सेल्युलोजच, म्हणजे ज्याचे तंतू बनलेले असतात तेच, तुटायला लागतं, म्हणून जरा आधीच थांबवतात आणि उरलेल्यातलं बरंचसं ऑक्सिजन देऊन काढतात.

सालीचं म्हणाल तर ती काढायचीच, तिच्यामुळे पल्पवर डाग येतात. पण फार खरवडलं की सालीबरोबर चांगलं लाकूडही जळणात जातं.