केनियातल्या अनाथ हत्तींच्या पिल्लांजवळ रोज वेगळा माणूस झोपतो. हा त्यांच्यावर अन्याय नाही का?

अजिबात नाही. हा प्रश्न विचारून तुम्ही पुढे लिहिलंय की दोन महिने रजा काढून तिथे जायचंय, एका पिल्लाला आईची माया द्यायचीय. हेतू चांगला आहे. पण अशी माया लावून दोन महिन्यांनी निघून गेलात, तर ते पिल्लू जिवानिशी जाऊ शकतं.

मी पाच वर्षं नैरोबीत होते. तिथल्या नॅशनल पार्कात अनाथ हत्तींना वाढवणाऱ्या शेल्ड्रिक ट्रस्टची नर्सरी आहे, सकाळी अकराला तासभर लोकांना आत सोडतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मुलगा अकरा महिन्यांचा होता आणि पुण्याहून आलेल्या मोठ्या नणंदबाई सोबत होत्या. माझी नोकरी होती. मुलगा सकाळी आयाकडे, दुपारी शेजारच्या गुजराती काकूंकडे, संध्याकाळी बाबाकडे. वन्सं गाडीत बसल्यापासून एकच बोलत होत्या, "पोराला आपली आई कोण ते तरी कळत असेल का गं?"

मी गप्प बसले. तेव्हा फार लागलं होतं.

तिथे झाडीतून पिल्लं ओळीनं धावत आली. हिरव्या कोटातले कीपर बाटल्या धरून उभे, एकेक बाटली घटाघटा संपत होती. अगदी लहानांसाठी एक घोंगडी टांगलेली असते. आईच्या पोटाला सोंड टेकवून प्यायची सवय, म्हणून पिल्लू घोंगडीला सोंड लावतं आणि मगच पितं. एका कीपरनं सांगितलं की दर तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. तो पिल्लाच्याच खोलीत वरच्या फळीवर झोपतो. उद्या तिथे दुसरा.

वन्संनी विचारलं, "का? एकाचा लळा लागला तर काय बिघडतं?"

बिघडतं ते हा ट्रस्ट उभा करणाऱ्या डॅफ्ने शेल्ड्रिक यांनी सोसलंय. १९७४ साली त्यांनी आयेशा नावाचं तान्हं पिल्लू वाढवलं. हत्तीच्या पिल्लाला गाईच्या दुधातली चरबी पचत नाही, तेव्हा खोबरेल तेलाचं दूध त्यांनी तिच्यासाठीच जमवलं. पिल्लू जगलं. पण ते फक्त त्यांचंच झालं. मुलीच्या लग्नासाठी त्या थोडे दिवस बाहेर गेल्या, तर त्यानं खाणंपिणं सोडलं आणि ते गेलं. जेमतेम सहा महिन्यांचं होतं. दूध तेच होतं, फक्त माणूस नव्हता. तेव्हापासून पिल्लू सगळ्यांचं, एकट्याचं कुणाचंच नाही.

रानात तरी दुसरं काय असतं? कळपात आजी, मावश्या, थोरल्या बहिणी असतात. पिल्लू चिखलात रुतलं तर जी जवळ असेल ती धावते. एकटी आई पोर वाढवते हे हत्तींत नाहीच. वन्सं म्हणाल्या, "जनावरांचं वेगळं." वेगळं आहे, मान्य. पण पाच माणसांत वाढलेलं पोर कमी मायेत वाढतं, हे मी त्या दिवसापासून कुणाकडूनही ऐकून घेत नाही.

हां, एक सांगायला हवं. कीपर बदलतात म्हणजे रोज नवे अनोळखी येत नाहीत. ठरावीक माणसं आलटूनपालटून, वर्षानुवर्षं तीच. आणि मावश्या कितीही असल्या तरी दूध आईचंच लागतं. दोन वर्षांखालचं अनाथ पिल्लू कळपातही जगणं कठीण. म्हणून तर नर्सरी लागते.

तर तुमचं जाणं: पिल्लं सांभाळायला ते स्वयंसेवक घेत नाहीत. वर्षाला ५० डॉलरपासून देणगी देऊन पिल्लू नावापुरतं दत्तक घेता येतं, तेवढं करा. आधी नोंदणी करून अकराच्या वेळेला बघायलाही जा.

पुढे पिल्लं वोई, इथुम्बा किंवा उमानी इथल्या ट्रस्टच्या रानाजवळच्या केंद्रांत जातात आणि आपल्या मर्जीनं, कधी कधी दहा वर्षांनी, रानात मिसळतात. मुलिका नावाची अनाथ हत्तीण २०११ साली रानात जन्मलेली लेक घेऊन इथुम्बाच्या कीपरांकडे आली होती. लेकीचं नाव म्वेंडे. ही गोष्ट मी वन्संना फोनवर सांगितली. त्या "बरं" म्हणाल्या आणि विषय बदलला.

माझा मुलगा दर दिवाळीला त्या आयाला फोन करतो. गेल्या वर्षी वन्सं शेजारीच बसल्या होत्या. त्यानं फोन त्यांच्या हातात दिला.