कंगव्याला न जुमानणारे मांजर
कंगवा दिसताच आपले मांजर पलंगाखाली दडते ते हट्टाने नव्हे, तर पूर्वी केस ओढले गेल्याची आठवण असते म्हणून. तेव्हा पहिले चार-पाच दिवस कंगवा नुसता त्याच्या ताटलीशेजारी ठेवावा. फोंड्याच्या दमट पावसाळ्यात माझ्या मांजरीच्या काखेत केसांची सुपारीएवढी गाठ झाली आणि ती कात्रीने कापण्याचा मूर्खपणा मी केला. गाठीबरोबर पातळ कातडी वर खेचली जाते, त्यामुळे जखम झाली. गाठ मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून थोडीथोडी सोडवावी; न सुटल्यास पशुवैद्याकडून मशीनने काढून घ्यावी, मात्र त्याआधी आंघोळ घालू नये, कारण भिजलेली गाठ अधिकच आवळते. विंचरताना शेपटी आपटू लागली की दोन मिनिटांतच का होईना, थांबावे. मी उकडलेल्या बांगड्याचा तुकडा हाताशी ठेवते (काटे काढून, अर्थात).