जुन्या फिशआय लेन्सची पारख

वापरलेली फिशआय लेन्स (खूप रुंद दृश्य टिपणारी आणि मध्यापासून दूरच्या सरळ रेषा वाकवणारी कॅमेऱ्याची लेन्स) घेण्यापूर्वी ती एक दिवस मागून घ्यावी आणि आत बुरशी नाही ना, हे टॉर्चच्या प्रकाशात पाहावे. पुढची काच फुगीर असून तिच्यावर साधा फिल्टर बसत नाही, त्यामुळे ओरखडेही तिथेच शोधावेत. सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाची पलीकडची कड चौकटीच्या बरोबर मध्यातून न्यावी, म्हणजे ती सरळ दिसेल, आणि मग कॅमेरा किंचित वर-खाली करून ती कशी वाकते ते पाहावे. एफ/८ वरही, म्हणजे लेन्सचे छिद्र लहान करूनही, एकच कोपरा धूसर येत असेल, तर लेन्स कधीतरी पडलेली असावी, असे मी समजतो. नागपूरच्याच झिरो माइल स्तंभाजवळच्या घोड्यांच्या पुतळ्यांच्या मात्र शक्य तितके जवळ जावे, कारण सुमारे १८० अंशांच्या दृश्यात दूरचे सारे इवलेसे होते. आपले बूटही त्यात येतात, हे माझ्या उशिराच लक्षात आले.