टायरचे तेहतीसशे आणि कार्डाचे चौदा हजार

भांडुपहून आलेलं तुमचं पत्र थोडक्यात असं आहे. २०१९ ची ॲक्टिव्हा फाइव्ह-जी, मरोळ एमआयडीसीत सकाळी सहाची शिफ्ट, रोजचं जाऊन-येऊन चोवीसेक किलोमीटर. मागचा टायर २०२२ मध्ये बदलला होता, तो आता पार गोटा झालाय. पुढचा गाडीबरोबर आलेलाच आहे, पण ‘त्याची नक्षी अजून दिसते’. डिसेंबरात मेव्हण्याचं लग्न ओतूरला, आणि पहाटेच्या थंडीत माळशेज घाटातून दोघांनी स्कूटरवर जायचा बेत. खात्यात ११,००० रुपये आहेत. क्रेडिट कार्डावर १४,००० थकलेत आणि त्याचं फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरलं जातंय. मुलीसाठी महिन्याला १,५०० ची एसआयपी चालू आहे, फेब्रुवारीत भिशीचे १०,००० मिळणार आहेत.

टायरसाठी तुम्ही चार रस्ते लिहिलेत: कुर्ल्याहून सेकंडहँड जोडी ११०० ला, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीची नवी जोडी १९०० ला, नावाजलेल्या कंपनीची जोडी फिटिंगसकट ३,३०० ला (त्यावर दुकानदार कार्डावर तीन महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’ देतोय), नाहीतर भिशी लागेपर्यंत कळ काढायची.

तिसरा रस्ता धरा. दोन्ही टायर घ्या, याच आठवड्यात घ्या, आणि पैसे खात्यातून यूपीआयनं द्या. कार्ड दुकानात नेऊच नका.

आधी टायरचा हिशेब. महिन्याला सहाशे किलोमीटर धरले तर तुमचा मागचा टायर तीन वर्षांत एकवीस-बावीस हजार किलोमीटर चाललाय. तसाच टायर आज १,६५० ला पडला, तर किलोमीटरला आठ पैसेसुद्धा होत नाहीत. त्याच किलोमीटरला मुंबईच्या भावानं तुम्ही सव्वादोन रुपयांच्या वर पेट्रोल जाळता. आता सेकंडहँड टायर घ्या साडेपाचशेचा. तो सहा हजार किलोमीटर चालला तरी नशीब म्हणायचं, म्हणजे किलोमीटरला नऊ पैसे, आणि वर्षभरात पुन्हा फिटिंगचे पैसे. स्वस्त म्हणून घेतलेला टायर नव्यापेक्षा महाग पडतो, तोही आतून किती पंक्चर काढलेत हे माहीत नसताना. काही ठिकाणी झिजलेल्या टायरवर नव्यानं खाचा कोरून विकतात. वरून नक्षी छान दिसते, पण खाच कोरताना आतल्या धाग्यांवरचं रबर आणखी पातळ झालेलं असतं. मागे बायको, पुढे बॅग आणि खाली घाटाचा उतार असताना साडेपाचशेच्या टायरवर भरवसा ठेवायला मी तरी सांगणार नाही.

१९०० ची नवी जोडी मात्र मी सरसकट मोडीत काढत नाही. आयएसआयचा छाप असेल, ट्यूबलेस असेल आणि ताज्या तारखेची असेल, तर एकट्यानं शहरातल्या शहरात फिरवायला ती चालून जाते. पण वाचतात किती? १,४०० रुपये. तीन वर्षांत वाटले तर महिन्याला चाळीसही नाहीत, आणि ती तीन वर्षं टिकेलच असं नाही.

पुढच्या टायरबद्दल तुमच्या मेकॅनिकशी माझं जमत नाही. ‘पुढचा अजून वर्षभर चालेल’ हे तो नक्षी बघून सांगतोय. दुचाकीच्या टायरला नियमानुसार किमान ०.८ मिलिमीटर खोल खाच लागते आणि तेवढी तुमच्याकडे असेलही. पण रबराला वय असतं. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात: ‘१८१९’ असेल तर २०१९ सालचा अठरावा आठवडा. म्हणजे सहा वर्षांहून जुनं, उन्हात कडक झालेलं रबर. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसत असतील तर प्रश्नच मिटला. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी वळतेही त्याच्यावर. मागचा टायर घसरला तर एखाद्या वेळी सावरता येतं, पुढचा घसरला की सावरायला वेळच मिळत नाही.

पावसाळा सरला म्हणजे टायरची काळजी सरली, असं आपल्याकडे धरून चालतात. तुम्ही सव्वापाचला निघता. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर (जेव्हीएलआर) मेट्रोच्या कामाची बारीक खडी आणि माती, त्यावर पहाटेचं दव. माळशेजला तर डिसेंबरात धुकंही भेटू शकतं. कोरड्या दुपारी गोटा टायर चालून जातो, या ओलसर थरावर नाही.

आता कार्ड, कारण पत्रातली खरी महागडी ओळ तीच आहे आणि तुम्ही ती ओझरती लिहिलीत. १४,००० वर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ४९० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ५८०. सहा महिन्यांत टायरची एक नवी जोडी बँकेला फुकट दिल्यासारखं झालं. शिवाय थकबाकी पुढे ओढली जात असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. स्वाइप केल्या दिवसापासून मीटर चालू. ‘नो कॉस्ट’ हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी येतो. ३,३०० च्या खरेदीवर शंभर-दोनशे फी म्हणजे तीन ते सहा टक्के झाले. बचत खात्यात पडलेल्या ११,००० वर बँक तुम्हाला वर्षाला जेमतेम अडीच-पावणेतीन टक्के देते. तेच पैसे वापरा, त्यासाठीच ते आहेत. खात्यात ७,७०० उरतील. लग्नाच्या आहेराला त्यातून फार काढू नका.

एसआयपी बंद करू का, असं तुम्ही भीत भीत विचारलंय. माझ्या धंद्यातली, पैशांचा सल्ला देणारी माणसं यावर नाक मुरडतील, पण तीन महिने थांबवा. टायरसाठी नाही, कार्डासाठी. जी थकबाकी वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर खाते, तिच्यापुढे कुठलाही फंड भरवशानं धावणार नाही. फक्त हप्ता रीतसर ‘पॉज’ करून घ्या. बहुतेक फंड ही सोय देतात, विनंती मात्र पुढच्या तारखेच्या काही दिवस आधी करावी लागते. खातं रिकामं ठेवून हप्ता परत गेला तर बँक दंड लावते आणि चाळीस टक्क्यांचं गणित तिथेच फसतं. तीन महिन्यांचे ४,५०० कार्डात, फेब्रुवारीत भिशीचे १०,००० कार्डात, मिनिमम ड्यू चालूच. मध्ये कार्डावर एकही नवी खरेदी केली नाही तर फेब्रुवारीअखेर ते शून्यावर येतं. मार्चपासून एसआयपी पूर्ववत, आणि तिच्या जोडीला चारशे रुपयांची आरडी गाडीच्या नावानं: टायर, बेल्ट, ब्रेक शू, इन्शुरन्स. हे खर्च अचानक येत नाहीत. कधी येणार ते ढोबळ माहीत असतं, पैसे बाजूला काढलेले नसतात एवढंच.

दुकानात गेल्यावर ९०/१००-१० हे माप सांगा, तुमच्या गाडीला पुढे-मागे तेच लागतं. तारखेचे चार आकडे स्वतः वाचा. सहा-आठ महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जो टायर करासह १,२८० ला होता, तो १,१८० ला यायला हवा. जुनी एमआरपी छापलेला माल त्याच भावानं गळ्यात मारला जात नाही ना, ते बिल मागून बघा. टायरबरोबर व्हॉल्व्हही नवे बसवून घ्या. आणि तुम्ही लिहिलेल्या ३,३०० च्या भावात, गाडीवरून काढलेले जुने टायर दुकानदार ठेवून घेणार की तुम्ही घेऊन जाणार, हे आधीच बोला. थोडेफार पैसे त्यातूनही सुटतात.

नवा टायर पहिले शंभरेक किलोमीटर निसरडा असतो, वरचा गुळगुळीत थर जायला तेवढं चालवावं लागतं. तुमच्या रोजच्या रपेटीत चार-पाच दिवसांत ते होऊन जाईल. म्हणूनच लग्नाच्या आदल्या दिवशी नको, याच आठवड्यात म्हणतोय. घाटात निघण्याआधी दोघांच्या भाराची हवा भरा, आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत आहे.

विम्याची पॉलिसीही एकदा उघडून बघा. नुसत्या झिजेनं गेलेला टायर कुठलीच साधी पॉलिसी भरून देत नाही, आणि अपघाताच्या दाव्यातही टायरच्या किमतीतून निम्मी घसारा म्हणून कापली जाते. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर. नूतनीकरण करताना हप्ता कमी दिसावा म्हणून ते गळालेलं बऱ्याचदा आढळतं.

राहता राहिला ओतूरचा प्रवास. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या वर होतील, सहाशेचं पेट्रोल. कल्याणहून माळशेजमार्गे एसटी आहे आणि वहिनींना त्यात अर्धं तिकीट. टायर नवे असले तरी पहाटेच्या धुक्यात घाट चढण्यापेक्षा मी एसटीच पकडली असती. स्कूटरनंच जायचं ठरलं तर निदान मुरबाडला चहा घेऊन, चांगलं उजाडल्यावर पुढे निघा.