घरात फोन आहे, पण मुलांच्या हाती तो कधी येतो?

शाळेचा अभ्यास घरी आला की आता त्याच्याबरोबर फोन, कॉम्प्युटर आणि नेटचा प्रश्नही घरी येतो. गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीचशी पत्रं याच विषयावर आहेत. त्यातल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहे. काही पत्रं लांब होती, ती थोडी कमी केली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी एकच स्मार्टफोन आहे आणि तो ह्यांच्याबरोबर कामावर जातो. रात्री आठला ते घरी आले की तिन्ही मुलं फोनवर तुटून पडतात. मोठ्याचा अभ्यास उरकेपर्यंत धाकटी झोपून जाते, मधली रडकुंडीला येते. गृहपाठ सगळा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. काय करावं?

उत्तर : फोन घरी आला की पहिली दहा मिनिटं कुणालाही अभ्यासाला बसू देऊ नका. तिघांच्याही वर्गांचे ग्रुप उघडा आणि कुणाला काय दिलंय ते एका वहीत उतरवून घ्या. चार दिवस असं केलंत तर लक्षात येईल, की बऱ्याचशा गृहपाठाला फोन फक्त ‘काय करायचं’ हे कळण्यापुरताच लागतो. गणितं पुस्तकातली असतात, निबंध वहीतच लिहायचा असतो. फोनशिवाय अडतंच असं काम म्हणजे एखादा व्हिडिओ बघणं किंवा पूर्ण झालेल्या पानाचा फोटो पाठवणं. रात्रीचा वेळ तेवढ्यासाठीच राखून ठेवा. बाकीचं दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर, उजेडात, वहीत बघून होऊ शकतं.

पाळी लावताना धाकटीला पहिली द्या, कारण ती सगळ्यांत आधी झोपते. एक गोष्ट जरा तपासून बघा. ‘दादाचं वर्ष महत्त्वाचं आहे’ असं म्हणत मुलींची पाळी शेवटी ढकलली जात नाही ना? कुणी मुद्दाम करत नाही, पण पुष्कळ घरांत हे होतं आणि त्याची किंमत त्या मुलीला वर्षभर मोजावी लागते.

आणि शाळेला हे सांगा, संकोच करू नका. तिघांच्याही वर्गशिक्षकांना दोन ओळी लिहून द्या : ‘आमच्या घरी फोन रात्री आठनंतर असतो आणि तो तीन मुलांत एक आहे. गृहपाठाला एक दिवस जास्त मिळावा.’ शिक्षकांना मोबाइलवर निळ्या खुणा दिसतात आणि मुलीने निरोप वाचला असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो तिच्या बाबांनी दुपारी कामावर असताना उघडलेला असतो. तुम्ही सांगितल्याशिवाय हे त्यांना कळणार कसं?

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वर्गातल्या कुणाकडे घरी कॉम्प्युटर किंवा नेट आहे हे कळावं म्हणून मी ऑनलाइन फॉर्म पाठवला. भरून आलेल्या जवळपास सगळ्या फॉर्ममध्ये ‘आहे’ लिहिलं होतं. तरी निम्म्या मुलांचा ऑनलाइन गृहपाठ येतच नाही. मुलं खोटं बोलतात का?

उत्तर : नाही हो. तुमचा फॉर्म ज्यांच्याकडे नेट होतं त्यांनीच भरला. नसणाऱ्यांपर्यंत तो पोचलाच नाही, किंवा पोचला तेव्हा मुदत संपली होती. अशी माहिती नेहमी कागदावर घ्यावी, वर्गात, सगळ्यांकडून एकाच वेळी.

दुसरं, ‘घरी फोन आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ असंच उत्तर येणार. तेवढ्यावरून काहीच समजत नाही. असं विचारा : संध्याकाळी सहा ते आठ फोन घरी असतो का? तो कुणाचा आहे? अभ्यासाला तो आणखी किती भावंडांना लागतो? नेट पॅक महिनाअखेरीला संपतो का? व्हिडिओ मध्येच अडकतो का? लिहायला शांत कोपरा मिळतो का? या उत्तरांतून वर्गाचं खरं चित्र दिसेल. उत्तरं फक्त तुमच्याजवळ ठेवा. चारचौघांत ‘कुणाकडे फोन नाही त्यांनी हात वर करा’ असं कधीही विचारू नका. ज्या मुलाला हात वर करायचा असतो तोच तो खाली ठेवतो.

ही अडचण तुमच्या एकट्या वर्गाची नाही. एप्रिल २०२० मध्ये, शाळा बंद असताना, युनेस्कोने आकडे दिले होते : वर्गाबाहेर असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ८२ कोटी ६० लाखांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता आणि ७० कोटी ६० लाखांच्या घरी इंटरनेट नव्हतं. त्याच वर्षअखेरीस युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या अहवालात म्हटलं होतं, की ३ ते १७ वयाच्या जगभरातल्या मुलांपैकी दोनतृतीयांश, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांना घरी इंटरनेट मिळत नाही. श्रीमंत देशांतही हे आहेच. अमेरिकेत प्यू या संशोधन संस्थेने २०१८ मध्ये १३ ते १७ वयाच्या मुलांना विचारलं, तेव्हा १७ टक्क्यांनी सांगितलं की भरवशाचा कॉम्प्युटर किंवा नेट नसल्यामुळे गृहपाठ कधी कधी किंवा बऱ्याचदा अपुरा राहतो.

म्हणून गृहपाठ देताना वर्गातल्या सगळ्यांत कमकुवत नेटचा विचार करून द्या. एक हिशेब सांगते. १ एमबीपीएस वेगाचा व्हिडिओ तासभर पाहिला की ४५० एमबी डेटा जातो. तेच स्पष्टीकरण ६४ केबीपीएसच्या ध्वनिफितीत दिलंत तर तासाला २९ एमबीसुद्धा लागत नाहीत. आणि तीच गोष्ट अर्ध्या पानात टाइप करून पाठवलीत तर एक फोटो पाठवण्याइतकाही डेटा लागणार नाही. पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांचे फोटो ग्रुपवर टाकण्याऐवजी ‘पान अमुक ते अमुक’ एवढं लिहा. पुस्तक मुलांकडे आहेच. मुदत दुसऱ्या दिवसाची न देता तीन-चार दिवसांची द्या, म्हणजे सुट्टीचा एखादा दिवस मध्ये येतो आणि फोन हाती लागतो. कागदावर आलेल्या कामाला ऑनलाइन कामाइतकेच गुण द्या. सुंदर स्लाइड केल्या म्हणून जास्त गुण मिळायला लागले, की ते गुण खरं तर घरातल्या लॅपटॉपला मिळतात.

शाळेत एखादा कॉम्प्युटर असेल तर कोलिब्री हे अभ्यासाच्या धड्यांचं सॉफ्टवेअर बघा. लर्निंग इक्वॅलिटी या ना-नफा संस्थेने ते बनवलं आहे आणि ते मोफत मिळतं. धडे एकदा उतरवून घेतले की नंतर शाळेतल्या बाकीच्या कॉम्प्युटरांवर आणि टॅबवर ते इंटरनेटशिवाय चालतात. किविक्स नावाच्या सॉफ्टवेअरवर विकिपीडियाही असाच नेटशिवाय वाचता येतो. शाळा सुटल्यावर एखादा तास ती खोली उघडी ठेवता आली, तर ज्यांच्या घरी काहीच नाही त्या मुलांना मोठा आधार होईल. मुख्याध्यापकांकडे सगळ्यांत आधी हीच मागणी करा. नवी यंत्रं नंतर मागता येतील.

प्रश्न : मुलासाठी कर्ज काढून लॅपटॉप घ्यावा का? त्याने मार्क वाढतील असं सगळे म्हणतात.

उत्तर : मार्कांसाठी कर्ज काढू नका. हे मी अभ्यासांच्या आधारे सांगते आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या १५ शाळांमध्ये, घरी कॉम्प्युटर नसलेल्या १,१२३ विद्यार्थ्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना मोफत कॉम्प्युटर दिले गेले. वर्षअखेरीस त्यांच्या गुणांत आणि हजेरीत, कॉम्प्युटर न मिळालेल्यांच्या तुलनेत, फरक दिसला नाही. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पेरूमध्ये ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या मोहिमेत शेकडो खेड्यांतल्या शाळांना लॅपटॉप मिळाले, पण गणित आणि भाषेत त्याचा परिणाम आढळला नाही. रोमानियात सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना कॉम्प्युटरसाठी कूपन दिली. तिथे तर मुलांचे शाळेतले गुण थोडे घसरले, कारण बराच वेळ खेळांत गेला. मात्र कॉम्प्युटर हाताळण्यात ती मुलं पुढे गेली आणि ज्या घरांत आईवडिलांनी अभ्यासाचे नियम ठेवले होते तिथे नुकसान कमी झालं.

याचा अर्थ कॉम्प्युटर निरुपयोगी आहे असा मी लावत नाही. प्रवेशाचे अर्ज, निकाल, शिष्यवृत्त्या आणि शिक्षकांचे निरोप सगळं नेटवर आलेलं असताना ज्या घरात साधन नाही त्या मुलाला दाराबाहेर उभं राहावं लागतं. त्याला आत येता यावं म्हणून साधन हवं. मार्कांसाठी पुस्तक, सराव आणि झोप लागते. शाळेचं काम खरंच अडत असेल तर साधं, जुनं यंत्र पुरे. त्याबद्दल पुढच्या पत्रात आलंच आहे.

प्रश्न : ओळखीचे गृहस्थ त्यांचा सात-आठ वर्षांचा लॅपटॉप देताहेत. घ्यावा का? काय बघून घ्यावं?

उत्तर : घ्या, पण आधी अर्धा तास चालवून बघा. प्रत्येक कळ दाबा, कारण नेमकी एखादी स्पेसबार किंवा एंटर मेलेली असते. चार्जर मूळचा आहे का, तो हलवल्यावर चार्जिंग तुटतं का, बॅटरी किती वेळ टिकते, वाय-फाय लागतं का, कॅमेरा आणि माइक चालतो का, एवढं पाहा. मेमरी म्हणजे रॅम ४ जीबी असेल तर भागेल, ८ असेल तर उत्तम. आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या. जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल तर हा करा. उघडायला पाच मिनिटं घेणारा लॅपटॉप त्यानंतर काही सेकंदांत उभा राहतो.

विंडोज १०चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला आणि एवढ्या जुन्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. म्हणून लॅपटॉप फेकायची गरज नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली घालता येते, ती मोफत आहे आणि सुरक्षिततेचे अपडेट मिळत राहतात. लिब्रेऑफिस या सॉफ्टवेअरमध्ये निबंध, तक्ते, स्लाइड सगळं होतं. घेण्याआधी शाळेकडून एवढं विचारून घ्या, की फक्त विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर लागतं का. आणि देणाऱ्यांना त्यांची खाती, फोटो, पासवर्ड पुसून द्यायला सांगा. तुमच्या मुलासमोर त्यांचं खाजगी काही उघडायला नको.

प्रश्न : वाय-फाय आहे, पण मुलीच्या खोलीत पोचत नाही.

उत्तर : राउटर कोपऱ्यातून किंवा टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यावर, जरा उंचावर ठेवा. वाय-फायच्या यादीत ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील तर लांबच्या खोलीत २.४चं निवडा. वेग कमी असतो, पण भिंतीतून तेच जास्त पोचतं. तरीही जमलं नाही तर मुलीने अभ्यासाला बाहेरच्या खोलीत बसावं आणि तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवावा.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्याकडे फक्त फोन आहे. प्रकल्पाचं दोन हजार शब्दांचं लेखन त्यावरच करावं लागतं. बोटं दुखतात, डोळे चुरचुरतात आणि वर्गातल्या इतरांच्या मानाने माझं काम नेहमी कच्चं दिसतं.

उत्तर : आधी सगळा मजकूर कागदावर लिही. फोनच्या पडद्यावर एका वेळी चार-पाच ओळीच दिसतात, त्यामुळे आधी काय लिहिलं ते आठवत नाही आणि तेच तेच पुन्हा येतं. तुझं काम कच्चं दिसण्याचं हे एक कारण असू शकतं. तुझ्या समजेत काही कमी आहे असं मुळीच समजू नकोस. कागदावरचा मजकूर पक्का झाला की कीबोर्डवरच्या माइकचं चिन्ह दाबून तो फोनला वाचून दाखव. शब्द आपोआप टाइप होतात, तुला फक्त चुका दुरुस्त कराव्या लागतील. कॉम्प्युटरचा साधा यूएसबी कीबोर्ड कुणाकडून मिळाला तर तो ओटीजी नावाच्या छोट्या जोडणीने बहुतेक फोनना लागतो.

फोन हातात धरून लिहू नकोस, पुस्तकांना टेकवून उभा ठेव. अंधारात बसू नकोस आणि वीसेक मिनिटांनी नजर उचलून लांब बघ. फाइल आधीच ऑफलाइन करून ठेव, म्हणजे नेट गेलं तरी लिहिलेलं जाणार नाही. शेवटची मांडणी, म्हणजे मथळे, तक्ते, चित्रं, शाळेच्या किंवा वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर तासाभरात होईल. तिथून उठताना खात्यातून बाहेर पडायचं विसरू नकोस. आणि तुझ्या सरांना किंवा बाईंना सांग, की हे मी फोनवर करते आहे. त्यांना बहुधा हे माहीतच नसेल.

प्रश्न : मला कॉम्प्युटरमधलं काहीच कळत नाही. मुलगा तासन्‌तास बसतो, अभ्यास करतो म्हणतो. मी लक्ष कसं ठेवू?

उत्तर : कॉम्प्युटर त्याच्या खोलीतून बाहेर आणा, जिथे घरातली माणसं येत-जात असतात तिथे. पडदा सगळ्यांना दिसेल असा ठेवा. हे शिक्षा म्हणून करू नका, आजपासून त्याची जागा हीच असं साधेपणाने सांगा.

रोज त्याला एकच विचारा : ‘आज काय केलंस ते मला दाखव आणि समजावून सांग.’ ताई, तुम्हाला विषय कळायची गरज नाही. ज्याने खरंच काम केलं असतं तो दोन मिनिटं सांगू शकतो. ज्याने दुसरीकडून उतरवून चिकटवलं असतं तो तिसऱ्या वाक्याला अडखळतो. आठवड्यातून एकदा शाळेचा ग्रुप त्याच्याबरोबर बसून वाचा आणि दिलेलं काम व झालेलं काम ताडून बघा.

आणि त्याच्याकडूनच थोडं शिका. पहिल्या दिवशी यंत्र सुरू करणं आणि बंद करणं, मग शाळेचा निरोप उघडणं, मग त्याला स्वतः उत्तर टाइप करणं. चुकलात तर तो हसेल, हसू द्या. पहिला निरोप त्याच्या वर्गशिक्षिकेला पाठवा : ‘मी अमुकची आई. यापुढे गृहपाठाचा निरोप मलाही पाठवत जा.’