‘ताज’ शब्द मूळ अरबी की फारसी?
मूळ इराणीच, पण आजच्या फारसीतलं ‘ताज’ हे रूप अरबीतून परत आलंय. जुन्या इराणी भाषांत तो ‘ताग’ होता, अरबीत ग चा ज झाला आणि तोच ज फारसीने उचलला, मग तिथून तुर्की, उर्दू, आपली मराठी. सीरियातल्या नमारा इथल्या इ.स. ३२८ च्या शिलालेखातही हा शब्द आहे, म्हणजे इस्लामच्या कितीतरी आधी! अरबीत अनेकवचन ‘तीजान’. मला सगळ्यात भारी वाटतं ते आर्मेनियन, तिथे ग अजून टिकलाय, ‘थाग’ म्हणजे मुकुट आणि ‘थागावोर’ म्हणजे मुकुटधारी, राजा. हिब्रूत तोराच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) अक्षरांवरच्या छोट्या मुकुटांना ‘तागिन’ म्हणतात, तो शब्द अरामी या प्राचीन भाषेमार्गे आलेला.