समितीत जावं का, विचारलंस म्हणून

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. पुनर्वसन समितीवर अशासकीय सदस्य म्हणून तुझं नाव घालतायत आणि संघटनेतले निम्मे लोक आत्ताच "गेली ही सरकारच्या मांडीवर" म्हणायला लागलेत. म्हणू देत. मी हो-नाही सांगणार नाही, तेवढी अक्कल तुला आहे. त्यापेक्षा एका माणसाबद्दल सांगते, थिओ-बेन गुरिराब. नाव ऐकलं नसशील, आपल्याकडे मंडेलांपर्यंत सगळे जातात, शेजारच्या नामिबियात कोणी डोकावत नाही.

१९३८ चा जन्म, उसाकोस नावाचं रेल्वेचं गाव, शिक्षकाचं ट्रेनिंग झालेलं. देशावर दक्षिण आफ्रिकेचा कब्जा, वर्णभेदासकट. १९६२ ला बाहेर पडले, फिलाडेल्फियाच्या टेंपल युनिव्हर्सिटीत शिकले आणि स्वापो या मुक्तिसंघटनेचं यूएनमधलं काम करायला लागले, १९७२ ते ८६ तर तिथले मुख्य प्रतिनिधीच. म्हणजे बाकीचे साथी जंगलात बंदूक घेऊन आणि हे न्यूयॉर्कमध्ये सूट घालून कॉरिडॉरमध्ये. तुला आज जे टोमणे बसतायत ना, तसलं काम.

१९७६ ला यूएनने स्वापोला ऑब्झर्व्हरचा दर्जा दिला, आत बसा, बोला, मत मात्र देता येणार नाही. तुला निदान मत तरी आहे, बहुमत नसेल. मग मत नसलेल्या माणसाने करायचं काय, तर कागद. १९७४ मध्येच यूएनने नामिबियाच्या कारभारासाठी नेमलेल्या नामिबिया कौन्सिलने हुकूम काढला होता की आमच्या परवानगीशिवाय नामिबियातलं खनिज कोणी काढायचं नाही, बाहेर न्यायचं नाही. कोणी ऐकलं? कोणीच नाही, दोन वर्षांत रॉसिंगची युरेनियमची खाण धडाक्यात चालू झाली. पण तो कागद फाईलला लागलेला होता, आणि १९८७ मध्ये त्याच कागदाच्या जोरावर कौन्सिलने थेट हॉलंडच्या कोर्टात युरेनियमवरून केस टाकली. म्हणून सांगते, पहिल्याच मीटिंगला इतिवृत्त कोण लिहिणार ते विचार, तुझी हरकत त्यात शब्दशः आली का बघ आणि त्याची प्रत हातात पडल्याशिवाय हजेरीच्या सहीपलीकडे कशावर सही करू नकोस. भाषण नंतर कर, भाषणं तुला चांगली येतात हे त्यांनाही माहितीये आणि म्हणूनच ते तुला भरपूर बोलू देतील.

बरं, आता खरी गंमत. २९ सप्टेंबर १९७८ ला सुरक्षा परिषदेचा ठराव ४३५ पास झाला, यूएनच्या देखरेखीखाली निवडणूक, मग स्वातंत्र्य. झालं की काम! पण अंमलबजावणी सुरू व्हायला १९८९ उजाडलं. अमेरिकेच्या अध्यक्ष रेगनच्या लोकांनी मध्येच पाचर मारली की आधी शेजारच्या अंगोलातून क्युबाचं सैन्य जाऊ दे. शेवटी २२ डिसेंबर १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये करार झाला त्यावर सह्या कोणाच्या, तर अंगोला, क्युबा आणि दक्षिण आफ्रिका. स्वापोची सहीच नाही, देश ज्यांचा तेच टेबलावर नाहीत. त्या समारंभाला निघालेले यूएनचे नामिबिया कमिशनर बर्न्ट कार्लसन तर आदल्याच दिवशी स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर फुटलेल्या विमानात गेले. असं सगळं असताना "आमच्याशिवाय केलेला करार आम्हाला मान्य नाही" म्हणून उठून जाणं किती सोपं होतं बघ, टाळ्याही मिळाल्या असत्या. स्वापोवाले उठून गेले नाहीत. निवडणूक लढवली, ७२ पैकी ४१ जागा आणल्या. (त्या वेळी तिथे गेलेल्या यूएनच्या फौजेचे कमांडर आपले लेफ्टनंट जनरल प्रेमचंद होते, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं.)

२१ मार्च १९९० ला स्वातंत्र्य आणि गुरिराब परराष्ट्रमंत्री. आणि देशाचं खोल समुद्राचं एकमेव बंदर, व्हॉल्विस बे, दक्षिण आफ्रिकेच्याच ताब्यात! कारण ४३५ मध्ये ते धरलंच नव्हतं, त्याचा वेगळा ठराव करून बाजूला ठेवलेलं. जीआरमध्ये काय लिहिलंय ते सगळेच वाचतात गं, काय लिहिलेलं नाही ते वाच. बुडितात जाणारं गावठाण यादीत असतं आणि शेजारची वाडी नसते, हे तुला मी सांगायला नको. आणि त्या बंदरासाठी समोर बोलणीला कोण, तर पिक बोथा, सत्तरच्या दशकात यूएनमध्ये दक्षिण आफ्रिकेचा राजदूत असलेला, ज्याच्या सरकारविरुद्ध यांनी उभं तारुण्य घालवलं तोच. घोषणा नाही देता येत अशा वेळी, तोंडावर म्हणणं मांडायचं, चहा प्यायचा, परत मांडायचं. आधी १९९२ ला संयुक्त प्रशासन पदरात पाडून घेतलं, तेव्हाही कोणीतरी "अर्ध्यावर मांडवली केली" म्हणालं असेलच, मग १ मार्च १९९४ ला अख्खं बंदर नामिबियाचं झालं.

आता हे वाचून लगेच त्यांचा फोटो लावू नकोस भिंतीवर. ऑगस्ट १९९९ मध्ये नामिबियातल्याच कॅप्रिव्ही भागात फुटीरतावाद्यांनी हल्ला केला, सरकारने आणीबाणी लावली, पकडलेल्या लोकांना मारहाण आणि छळ झाल्याचं मानवी हक्कवाल्यांनी मांडलं. आणि पुढच्याच महिन्यात गुरिराब यूएनच्या महासभेचे अध्यक्ष झाले, जिथे वर्षानुवर्षं मत नसलेल्या खुर्चीवर बसून दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगांबद्दल बोलले त्याच सभागृहात. त्याआधी परदेशातल्या छावण्यांमध्ये स्वापोने स्वतःच्याच कार्यकर्त्यांना हेर ठरवून डांबलं होतं, तेही प्रकरण कधी नीट उलगडलं नाही. यात एकट्या गुरिराबांचा वाटा किती याचा हिशोब मी मांडत बसत नाही, पण ते त्या सरकारात होते, पुढे पंतप्रधान झाले, मग २०१५ पर्यंत संसदेचे स्पीकर. खुर्चीत असताना आपल्या लोकांनी केलेलं झाकायला फार मोठा गुन्हेगार असावं लागत नाही, "आत्ता ही वेळ नाही" एवढं म्हटलं तरी पुरतं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, तरी हे मला पटत नाही आणि पटवून घ्यायचीही इच्छा नाही.

तर जायचं असेल तर जा, पण जाण्याआधी संघटनेत बसून ठरवा की उद्या तूच टाळाटाळ करायला लागलीस तर तुझ्या दारात मोर्चा कोण आणणार. नाव माझ्या डोक्यात आहे, तुला ते अजिबात आवडणार नाही, म्हणून फोनवर सांगेन.

तुझी,
ताई